‘थेंब न्हाय’ म्हणजे नक्की किती पाणी?

आमच्या ग्रुपची एक वही आहे. प्रत्येक ट्रिपनंतर त्यात घळीचं नाव, कड्यांची उंची, दोर किती लागला आणि पाणी किती होतं, एवढं लिहायचं ठरलंय. इतक्या वर्षांत वहीची अकरा पानं भरली. किस्से मात्र असे साठलेत की एक सांगायला घेतला की मागून चार ढकलाढकली करत येतात आणि शेवटी चहा गार होतो!

आम्ही काय करतो ते आधी सांगतो. (घरच्यांना सांगून अजून कळलेलं नाही, पण तुम्हाला कळेल.) सह्याद्रीत पावसाच्या पाण्यानं कातळ कापून अरुंद, खोल घळी केल्यात. काही इतक्या अरुंद की दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर बघावं तर आभाळाची नुसती चिंधी. आम्ही वरच्या तोंडातनं आत शिरतो, मध्ये कडा आला की दोर बांधून उतरतो आणि खालच्या तोंडातनं बाहेर पडतो. त्याला कॅनियनिंग म्हणतात. का करता, असं विचारू नका. बायको रोज विचारते, तिलाही मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कायमचे आम्ही चौघं. अण्णा आमचे लीडर. उद्यमनगरात लेथ मशीनचं वर्कशॉप, वय साठीला टेकलेलं, मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे. घरात कानडी, घराबाहेर मराठी. वैशालीताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त काढताना ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात कड्यावर बोलते, "काही होत नाही, तिकडं बघा." सचिन गडमुडशिंगीचा, एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढतो. आणि मी. राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे.

आमचा नियम एकच: थंडीत घळ कोरडी पाहिजे. ऐकायला किती सोपं वाटतं ना?

*

हा नियम आम्ही कुठं वाचून केला नाही. तो अण्णांनी शिकवला, आणि तोही कानडीत!

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. गगनबावड्याच्या बाजूची एक घळ. तीस फुटांचा कडा आणि त्याच्या तळाशी डोह. त्या डोहाला वर्षातनं एकदा तरी ऊन दिसत असेल की नाही, शंका आहे. अण्णा पहिले उतरले. वर दोर सचिनच्या हातात, शेजारी मी. वैशालीताई जरा मागं, दुसरा दोर सोडवत बसलेली.

अण्णा छातीएवढ्या पाण्यात पोचले आणि तिथंच अडकले. दोर ताणलेला, त्यामुळं त्यांना काठाकडं सरकता येईना. पाणी बर्फासारखं. दातावर दात आपटायला लागले आणि त्या थंडीत अण्णांची मराठीच संपली!

खालनं ओरडायला लागले, "हग्ग बिडु! ए सच्या, हग्ग बिडु!"

सचिननं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणत्यात त्ये?"

"मला पण तेच ऐकू आलं," मी म्हटलं.

सचिन वाकून हळूच म्हणाला, "अण्णा... आत्ता? पाण्यात?"

"हग्ग! हग्ग बिडु!" अण्णांचा आवाज आता चिरकायला लागला होता.

सचिनचे कान लाल झाले. "अण्णा, वैशालीताई हायत्या हितं!"

वैशालीताईचं माहेर निपाणीकडचं, कानडी तिला कळायची. तिनं ते ऐकलं आणि हातातलं टाकून धावत आली. "अरे, हग्ग म्हणजे दोर! दोर सोड म्हणतायत ते! सोड आधी!"

सचिननं दोर सैल केला. अण्णा कसेबसे काठावर आले. ओठ निळे पडलेले, बोटं वळलेली, कमरेची कडीसुद्धा स्वतःला काढता येईना. आम्ही धडाधड उतरलो, सगळ्यांचे स्वेटर त्यांच्या अंगावर घातले आणि घळीबाहेर उन्हात नेऊन बसवलं. वैशालीताई तळवे चोळत होती. आम्ही तिघंही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू! तासाभरानं अण्णांची मराठी परत आली. पहिलं वाक्य होतं,

"मुडद्यांनो, मी तिथं मरतोय आन् तुमी लाजताय व्हय!"

*

मग कोरडी घळ शोधायची तर कुणाला विचारायचं? गावातल्या माणसाला. राधानगरीकडच्या एका वाडीत धोंडिराममामा म्हणून आहेत. त्यांच्या म्हशी घळीच्या तोंडाशीच चरतात. सचिननं फोन स्पीकरवर टाकला.

"मामा, घळीत पाणी हाय का?"

"थेंब न्हाय."

"एखादं डबकं?"

"आरं न्हाय म्हणतोय न्हवं! खडखडीत हाय."

आम्ही गेलो. आत शिरून वीस मिनिटं झाली नाहीत तोवर समोर पाणी. वैशालीताईनं काठी घालून बघितली तर तिच्या कमरेएवढं! कडा अजून आला नव्हता म्हणून मुकाट्यानं परत फिरलो. मामा झाडाखाली तंबाखू मळत बसलेले.

"मामा, कमरेएवढं पाणी हाय की ओ आत!"

मामा चपापले. उठून आमच्याबरोबर आत आले. पाण्याकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ.

"ह्ये व्हय? पावणं, ह्यात म्हस बसली तर तिची पाठ बी भिजत न्हाय! ह्येला पाणी म्हणत्यात?"

माणूस एका अक्षरानं खोटं बोलला नव्हता. चूक आमच्या प्रश्नात होती. पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो. फोन लावला आणि मोजमापच मागितलं.

"मामा, पाणी म्हशीच्या कुठवर हाय?"

मामा विचार करत होते. शेवटी म्हणाले,

"हुबी म्हस का बसल्याली?"

*

सचिन म्हणाला, "माणसांना विचारायचंच न्हाय. सॅटेलाइट खोटं बोलत न्हाय."

महिनाभर तो ऑफिस सुटल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून डोंगर चाळत होता. एका गुरुवारी मोबाइल नाचवत आला. फोटोत एक काळी, बारीक, लांबच लांब रेघ. "कडेला हिरवं काही न्हाय, म्हंजी पाणी न्हाय. सरळ एका लायनीत गेलीया. कुणीच उतरलेलं न्हाय आजवर!"

कुणीच न उतरलेली घळ म्हटल्यावर अण्णांना रात्री झोप येते का! रविवारी सकाळी दोर, हेल्मेट, सगळा सरंजाम घेऊन पोचलो. शेवटचा एक किलोमीटर उसाच्या सरीतनं चालत. सचिन मोबाइल बघत पुढं. "आली. आली. आता समोरच."

समोर चर होता. जेसीबीनं खणलेला, पाइपलाइनसाठी. माझ्या खांद्याएवढा खोल.

आम्ही चौघं हेल्मेट घालून त्या चराकडं बघत उभे. तेवढ्यात शेताचा मालक लगबगीनं आला. हात जोडून म्हणाला, "आलासा का शेवटी! दोन महिनं वाट बघतोय. पायपा कधी टाकतासा?"

सचिन म्हणाला, "न्हाई ओ, आमी घळ बघायला आलोय."

"घळ न्हवं, चर हाय ह्यो."

"व्हय, आता दिसतंय."

"मग मोठ्या सायबांनी धाडलं न्हाय तुमाला?"

तो अण्णांकडं बघत होता. पांढरे केस, पोटावर लोखंडी कड्या. साहेब तेच असणार! अण्णांना माणसाला नाराज करणं जमत नाही. ते चरात उतरले, वीत लावून रुंदी मोजली आणि पाइपचा व्यास केवढा लागेल, जोड कुठं द्यावा, हे त्याला नीट समजावून सांगितलं. मग मात्र खरं काय ते कबूल केलं. शेतकरी मोठ्यानं हसला, घरी घेऊन गेला आणि भाकरी, झुणका, दही पोटभर वाढलं.

जेवण झाल्यावर म्हणाला, "तुमाला उतरायचंच हाय न्हवं? मग माझी हीर हाय की! हिचं पाणी कवाच आटलंय. खाली मोटरीचा व्हॉल्व पडलाय, त्येवढा काढून द्या."

आम्ही उतरलो. व्हॉल्व काढून दिला. वहीत सचिनच्या सुवाच्य अक्षरात नोंद आहे: ‘घळ: विहीर. पाणी: नाही. अतिशय सुंदर. जेवण उत्तम.’

*

याच सचिनचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी कोडोलीची, अमृता. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी सोडून आनि काय करतासा?"

सचिन म्हणाला, "कॅनियनिंग करतो."

वडील एकदम सरसावून बसले. "कॅनिंग! वा! शनवार-आयतवार का?"

सचिनच्या आईला तरी कुठं काय ठाऊक? ती कौतुकानं म्हणाली, "व्हय की. हिवाळ्यात तर एक आयतवार सोडत न्हाय."

साखरपुडा झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही सचिनच्या दारात जीपमध्ये दोर भरत होतो, तर समोर टेम्पो येऊन थांबला. त्यातनं सासरे उतरले, मागं अमृता, आणि तिच्या मागं टोमॅटोचे चार क्रेट!

"घरचं हायत," सासरे म्हणाले. "म्हटलं कारखाना बी बघू आन् ह्ये डबाबंद बी करून आणू."

कुणालाच काही कळेना. सचिन टोमॅटोंकडं बघतोय, आई सचिनकडं बघतीय, सासरे दोरांकडं बघतायत. शेवटी वैशालीताईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं अण्णांच्या कानात सांगितलं आणि अण्णांनी घसा साफ करून सगळं खरं सांगून टाकलं. कारखाना नाही, मशीन नाही, डबे नाहीत. डोंगरातल्या घळीत दोर लावून उतरतात, बस.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भावकीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जावयाचा जोडधंदा आहे म्हणून. क्रेटवर हात ठेवून ते सावकाश म्हणाले, "म्हंजी... डबाबंद कायच हुत न्हाय?"

"आमी सोताच हुतो की," अण्णा म्हणाले. "दोन भिंतींच्या मधी."

सचिन घामानं डबडबलेला. लग्न मोडलं, असंच आम्हाला वाटलं. तेवढ्यात अमृता म्हणाली, "बाबा, मला म्हाईत हाय. मी त्येंचं फोटो बगितल्यात. तुमाला त्याच दिवशी सांगणार हुते, पर तुमी इतकं खूश हुतासा की..."

सासरे तिच्याकडं बघत राहिले. मग सचिनकडं. मग म्हणाले, "दोर घट असत्यात न्हवं?"

"घट असत्यात," सचिन म्हणाला.

लग्न झालं, छान झालं. टोमॅटोचा सॉस वैशालीताईनं करून बाटल्या कोडोलीला पाठवल्या. आता सगळं माहीत असूनसुद्धा सासरे पाहुण्यांत ओळख करून देतात, "आमचं जावई कॅनिंगमधी हायत."

*

चंदगडच्या बाजूला ‘काळी नाळ’ नावाची घळ थंडीत ठणठणीत कोरडी असते, असं आम्हाला तिघांनी सांगितलं. आधी नुसती बघून यायची म्हणून दोन गाड्या काढल्या. एका गाडीत मी आणि सचिन, दुसरीत अण्णा आणि वैशालीताई. रस्त्यात फाटा आला, आम्ही डावीकडं वळलो, ते उजवीकडं.

आमच्या बाजूच्या गावात एक मेंढपाळ भेटला. समोर डोंगरात काळीकुट्ट घळ दिसत होती. मी विचारलं, "काळी नाळ हीच न्हवं?"

"ही न्हवं. काळी त्या डोंगराआड."

आम्ही गाडी वळवली. निम्म्या वाटेत समोरनं अण्णांची गाडी! आम्ही हात केला, त्यांनी हात केला, आणि दोन्ही गाड्या झुम्मकन निघून गेल्या. पलीकडं पोचलो तर तिथंही एक काळीकुट्ट घळ. पायवाटेवर एक म्हातारी लाकडाची मोळी बांधत होती.

"आजी, काळी नाळ हीच न्हवं?"

"छ्या! काळी तिकडं. डोंगराआड. आत्ता एक म्हातारं आन् एक बाई हुती, त्येनला बी मी तिकडंच धाडलं."

तेवढ्यात अण्णांचा फोन. "आरं, कुठं हायसा? हितला मेंढरंवाला म्हणतोय, दोन पोरं आल्ती, त्येनला काळ्या नाळंला धाडलंय. आमीबी येतोय परत तिकडं."

"अण्णा, जागचं हालू नका!"

शेवटी फाट्यावरच्या चहाच्या गाडीवर दोन्ही पार्ट्या भेटलो. चौघांची चार मतं. वैशालीताई म्हणाली, काळी नाळ नावाची घळच नसणार. सचिन म्हणाला, तिसरी असणार. मग चहावाल्यालाच विचारलं. तो शांतपणे चहा गाळत म्हणाला,

"दोनी बी काळ्याच हायत की ओ. पर आपल्या गावच्या घळीला काळी कोण म्हणंल?"

*

एकदा कुणाल नावाचा नवा मेंबर आला. एमआयडीसीतल्या कंपनीत इंजिनिअर, अतिशय शिस्तीचा. जाण्याआधी त्यानं सगळ्यांना फोन करून माहिती घेतली.

अण्णांनी सांगितलं, "कोरडी हाय. काय लागत न्हाय."

वैशालीताईनं सांगितलं, "घळीतलं पाणी जीवघेणं गार असतं. काळजी घ्या."

ती बोलत होती सगळ्या घळींबद्दल, अण्णा बोलत होते त्या घळीबद्दल. कुणाल बिचारा दोघांवर विश्वास ठेवून बसला! रविवारी आला तो गार पाण्यात घालायचा जाड रबरी सूट घालूनच. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा कुळकुळीत. कुणाकडनं तरी मागून आणलेला, आणि मागची चेन वर ओढताना तुटलेली. म्हणजे आता तो सूट काढायचा तर कापूनच!

घळ अण्णांनी सांगितली तशीच निघाली. खडखडीत. पालापाचोळासुद्धा पापडासारखा मोडत होता. त्यात ती घळ रुंद आणि दक्षिणेला तोंड केलेली, म्हणजे दुपारी बारा वाजता भट्टी. कुणाल प्रत्येक वळणावर विचारायचा, "पाणी पुढं आहे ना?" आणि अण्णा त्याला धीर द्यायचे, "न्हाय न्हाय, घाबरू नका, पाणी कुठंच न्हाय!"

चौथ्या वळणाला तो भिंतीला टेकून खाली बसला आणि असंबद्ध बोलायला लागला. वैशालीताईनं नाडी बघितली आणि तिचा आवाज बदलला. "कात्री! ताबडतोब!" सूट पाठीवरनं उभा कापला, त्याला सावलीत झोपवलं, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासानं त्यानं डोळे उघडून नीट नाव सांगितलं तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

सचिननं तो सूट उचलला, तर पायाच्या दोन्ही नळ्यांतनं घामाची धार लागली. कातळावर चांगलं थारोळं झालं.

कुणाल आडवा पडूनच त्याकडं बघत म्हणाला, "तरी मला वैशालीताई म्हणाल्याच होत्या, पाणी असेल."

*

आता शेवटचा. हा माझ्यावर बेतलेला.

आमच्यात एक पद्धत आहे. ज्यानं घळ निवडली, त्यानं प्रत्येक कडा पहिल्यांदा उतरायचा. जानेवारीतली घळ मी निवडली होती. पाण्याचा मागमूस नव्हता, गावात तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं होतं. दोन कडे झकास उतरलो. दोर खाली ओढून घेतला. आता एकदा दोर ओढला की परत वर जायचा रस्ता बंद. पुढं काय असेल त्यातनंच बाहेर पडायचं.

तिसऱ्या कड्याच्या काठावर आलो. काठ पुढं आलेला, त्यामुळं तळ दिसेना. दोन्ही भिंती जवळ आलेल्या, आत अंधार. बॅटरीचा झोत टाकला तर तोही मधेच विरून गेला.

अण्णा म्हणाले, "धोंडा टाक."

ही आमची जुनी रीत. आधी ‘धोंडा, धोंडा’ असं तीनदा ओरडायचं, मग दगड सोडायचा आणि कान द्यायचा. टक् वाजलं तर कोरडा कातळ. डुबुक वाजलं तर पाणी. थप् वाजलं तर चिखल, आणि चिखल पाण्यापेक्षा वाईट, कारण त्यात माणूस रुततो.

मी तीनदा ओरडलो. उत्तर नाही. मुठीएवढा दगड सोडला. आम्ही चौघांनी कान दिला.

काहीच वाजलं नाही.

"टाकला का?" अण्णांनी विचारलं.

"टाकला."

"मग?"

"मग काय? तुम्हीच ऐकलं की."

दुसरा टाकला, जरा मोठा. टक् नाही, डुबुक नाही, थप् नाही. दगड हातातनं सुटला आणि जगातनं गेला! सचिननं नकाशा काढला. "चाळीस फूट हाय. चाळीस फुटांवर आवाज यायलाच पायजे."

"चिखल असेल," वैशालीताई हळूच म्हणाली. "खूप मऊ असला तर आवाज येत नाही."

मागं कडा, पुढं हे. अण्णांनी दोर बांधायला घेतला. गाठ त्यांनी दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा. अण्णा गाठ तिसऱ्यांदा कधी तपासत नाहीत. मी हार्नेसचे पट्टे ओढून घेतले. सकाळी निघताना मुलगी झोपलेली होती, तिला उठवायला नको म्हणून तसाच निघालो, ते आठवलं.

"मी जातो पहिला," अण्णा म्हणाले.

"घळ माझी आहे, अण्णा."

"मला साठ झाली. तुझी पोरगी लहान हाय."

"दोर तुमच्याच हातात पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर मी उतरणार नाही."

वैशालीताई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काही होत नाही. तिकडं बघ." आणि तिचाच आवाज कापला.

मी म्हटलं, एक शेवटचा टाकून बघू. नारळाएवढा धोंडा दोन्ही हातांनी उचलला, काठावर आलो आणि तीनदा ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात खालनं आवाज आला.

"बास करा की ओ आता! किती टाकतासा?"

माझ्या हातातला धोंडा मी असा हळू खाली ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवावं! खाली माणूस होता, आणि मी त्याच्यावर दगड टाकत होतो!

"लागलं का ओ?" मी ओरडलो.

"न्हाय! वैरणीत पडलं!"

"वैरणीत?"

"वाळल्या गवताची गंज रचलीया हितं, आडोशाला! भारा करत हुतो. वरडणं काय उमगलं न्हाय, आधी वाटलं वान्नरं हायती वर!"

अण्णांनी काठावर आडवं पडून खाली तोंड घातलं. "कोण हाय खाली?"

"मी हाय!"

"मी कोण?"

खालनं आवाज आला, जरा काळजीनं, "तुमी कोण त्ये मला काय ठावं, पावणं? तुमालाच ठावं न्हाय व्हय?"

वैशालीताई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना. सचिननं भिंतीला डोकं टेकलं. अण्णा मात्र हसले नाहीत. लीडर शेवटी लीडर! त्यांनी दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि एकेक शब्द सुटा सुटा करत, गोंधळाला कुठं जागा राहू नये अशा बेतानं विचारलं,

"दादा! खाली पाणी हाय का पाणी?"

"हाय की!" खालनं तत्परतेनं उत्तर आलं. "कळशी भरून आणलीया. किती जणं हायसा?"